मनगटाचं माप

हातोडा वर गेला आणि मी मामंजींचं मनगट धरलं.

सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण त्या सकाळी मी स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून थकले होते. "थांबा! अहो थांबा, फाटेल ती पट्टी!" भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीनं तरी ऐकलं असतं. मामंजी ठार बहिरे. शेवटी पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेरच्या खोलीत धावले आणि घाव पडायच्या आत त्यांचा हात वरच्या वर पकडला. माझ्या बोटांखाली त्यांचं तांब्याचं कडं आलं, घामानं ओलं झालेलं.

असं कडं आळीतल्या प्रत्येक तांबटाच्या उजव्या हातात असायचं. मुलाचं जे पहिलं कडं बापाच्या पसंतीला उतरायचं, ते विकायचं नाही. बापानं आळीदेखत ते त्याच्याच हातात घालायचं आणि मग ते मरेपर्यंत काढायचं नाही, अशी रीत होती. सुताराच्या कानामागं पेन्सिल असते, तसं मी ते रोज बघत होते आणि त्याचा विचार कधी केला नव्हता.

मामंजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी ऐरणीवरच्या तांब्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती उचलून दाराच्या उजेडात धरली. काठाला केसाएवढी भेग पडायला लागली होती. आणखी एक घाव बसला असता तर पार फाटली असती.

"तुला कसं कळलं?"

मामंजींचं बोलणं म्हणजे दवंडी. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस तो आवरणार कसा? समोरच्या दुकानातून गोपाळमामांनी मान बाहेर काढली. पलीकडच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडणाऱ्या दोघीजणी थांबल्या. मी पदर सावरला आणि माझ्या कानाला बोट लावलं.

त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. मग पट्टी भट्टीत घातली आणि भात्याची दोरी ओढायला लागले. मी आत आले. ज्वारीचं पीठ त्यांच्या मनगटाला लागलं होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नव्हतं.

ही नाशकातली गोष्ट आहे, भद्रकालीच्या बाजूला आमची तांबट आळी होती तिथली. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा सकाळी उजाडल्यापासून पन्नास हातोडे एकदम सुरू व्हायचे. येवल्याहून लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मी कानात कापूस घालून फिरत होते आणि सगळ्या बायका मला हसत होत्या. पुरुषांचं काय, पन्नाशी आली की ऐकू येणं बंद. मामंजींचं त्याच्याही आधी झालं.

पण त्यांचं काम अडलं नाही, कारण घरात दुसरे कान होते. माझे यजमान. पद्माकर त्यांचं नाव. बापाशेजारी बसायचे, स्वतःचं काम करता करता बापाच्या पट्टीचा आवाज ऐकायचे आणि वेळ झाली की कोपरानं ढोसायचे. मला हे फार उशिरा कळलं. मला वाटायचं, बापलेक मस्करी करतात.

त्याचं असं असतं, तापवून पाण्यात विझवलेलं तांबं मऊ असतं. ठोकलं की बद्द वाजतं, भाकरी थापल्यासारखं. ठोकत गेलं की ते कडक होतं, तसा आवाज चढतो. चढत चढत एका घावाला चिरका होतो. तिथं थांबायचं आणि पुन्हा तापवायचं. नाही थांबलं की भेग. हंड्या-घंगाळाचं एक वेळ हाताला कळतं, कारण हातोडा उलटा उसळतो. कड्याची पट्टी मात्र अरुंद असते, ती हाताला उशिरा सांगते. आणि स्टीलनं हंडे-घंगाळं तर कधीच खाल्ली होती. उरली होती ती फक्त कडी. सांधेदुखीला बरं म्हणून लोक घ्यायचे.

मग यजमान काविळीनं गेले. लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती, पोरबाळ नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या आधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी. ऐरणीखालची टोपली फाटलेल्या पट्ट्यांनी भरायला लागली. आळी म्हणायची, म्हातारा मुलाच्या दुःखानं खचला, हात गेला बिचाऱ्याचा. मलाही तसंच वाटायचं. हात ठणठणीत होता हो! कान गेला होता. फाटायच्या आधी पट्टी चिरकते, हे रोज आतून ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं.

आणि माझं काय? मी बोलकी बाई. येवल्याला आमच्या वाड्यात माझ्या तोंडाला तोंड द्यायला कुणी धजत नसे. इथं बोलायचं कुणाशी? शेजारणी पहिले काही दिवस आल्या, मग विधवेच्या घरी सारखं काय जायचं म्हणून येईनाशा झाल्या. मी मामंजींच्या पाठीशी बोलायचे. खरंच सांगते. ते ऐरणीवर वाकलेले असायचे आणि मी उंबऱ्यात बसून लसूण सोलत बडबडायचे. भाजी महाग झाली, नळाला पाणी नाही, तुमच्या मुलानं मला फसवलं, मधेच सोडून गेला. रडायचे पण मोठ्यानं. चोरून रडायची गरजच नव्हती. असं घर देवानं वैऱ्यालाही देऊ नये.

सगळ्यात जास्त काय खुपायचं सांगू? भाकरी थापताना आवाज यायचा नाही. हातात हिरवा चुडा होता तेव्हा परातीवर बांगड्या वाजायच्या. तेराव्याच्या आधीच विमलवन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, माझे हात पाट्यावर धरून वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. त्याही रडत होत्या, नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून माझे हात मुके झाले.

मनगट धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी आत्याबाईंचा पाट आतून नेला आणि ऐरणीशेजारी टाकला.

"बस!"

मी बसले. तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःचं डावं मनगट पुढं केलं. उजव्या हातानं ते एकदा दाबून दाखवलं, मग भट्टीकडे बोट केलं. मग दोनदा दाबलं आणि हातोड्याकडे बोट केलं. एकदा म्हणजे थांब, तापव. दोनदा म्हणजे चालू दे. एवढीच आमची भाषा. त्या भाषेत मी त्यांच्याशी दिवसभर बोलायला लागले.

टोपली भरायची थांबली. मग पुढं एक दिवस त्यांनी हातोडा माझ्या मांडीवर ठेवला.

"धर!"

"मी? अहो, काहीतरीच काय! बायामाणसांनी—"

कुणाला सांगतेय मी! त्यांनी पट्टी माझ्यापुढं सरकवली होती.

पहिल्या दिवशी मी स्वतःच्या अंगठ्यावर घाव घातला आणि आईऽऽ म्हणून अशी बोंब ठोकली की गोपाळमामा धोतर सावरत धावत आले.

"काय झालं गं कुंदा?"

"हे बघा ना मामा, या वयात हातोडा देतात हातात!"

"दिला ना?" गोपाळमामा माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे न बघता मामंजींकडे बघत राहिले. "दिला असेल तर घे बाई. त्यांनी उगाच दिला नसेल."

मामंजी कोपरापासून हात हलवून दाखवायचे. "मारू नकोस! पडू दे!" खांद्यातून जोर लावला की पट्टी वाकडी धावायची. हातोडा नुसता उचलायचा आणि त्याच्या वजनानं पडू द्यायचा, हे ऐकायला सोपं आहे. मला ते जमेपर्यंत पावसाळा गेला. पट्टी सारखी ताणून झाली की लाकडी दांड्यावर वळवायची, आणि मग मठार. मठार म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं घावाशेजारी घाव घालत जायचं. प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या अर्ध्यावर पडला पाहिजे. तसं झालं की कडं चांदण्या सांडल्यासारखं चमकतं. चुकलं की देवीच्या व्रणांसारखं दिसतं. माझी कितीतरी कडी देवी निघालेलीच होती.

मामंजी कडं हातात घ्यायचे, अंगठा आतून फिरवायचे, बाहेरून फिरवायचे आणि टोपलीत टाकायचे.

"पुन्हा!"

बरं, चुकलं काय ते सांगा ना. नाही. नुसतं पुन्हा. मी त्यांच्या पाठीमागं म्हणायचे, "म्हाताऱ्या, तुझ्या तोंडाला कुलूप घातलंय का देवानं?" आणि पुन्हा पट्टी घ्यायचे.

आणखी एक होतं. माझ्या प्रत्येक कड्याचं माप ते माझ्याच मनगटावर घ्यायचे. सुतळी माझ्या हाताभोवती गुंडाळायची, तेवढीच पट्टी कापायची. माझं मनगट म्हणजे काडी. असलं कडं घेणार कोण? आमची गिऱ्हाइकं सगळी बापये, सांध्यांनी जखडलेली, दणकट हाताची. मी हातवारे करून सांगितलं, मोठं करते, असं, जाड माणसाचं, म्हणजे विकलं तरी जाईल.

"नाही! तुझ्या मापाचं कर!"

मी आधी समजले, तांबं वाचवतात. मग बघितलं तर कापलेला उरलेला तुकडा तसाच टोपलीत. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हणजे लहान मुलीला पोळी लाटायला कणकेचा गोळा देतात, तसं हे. आई पोळ्या करते, पोरगी तिच्या गोळ्याशी खेळते, शेवटी तो गोळा गाईला. विकायचं काम त्यांचं, खेळायचं काम माझं. रिकामी विधवा घरात रडत बसते, त्यापेक्षा ठोकत बसू दे. असं मला अगदी पक्कं वाटलं आणि फार लागलं.

दिवाळीनंतर विमलवन्सं आल्या. माझ्या हातावरचे घट्टे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे काय करून घेतलंस? दादांना कळत नाही, तुला तरी कळायला नको?" दादा म्हणजे त्यांचे वडील. "लोक मला विचारतात, तुमच्या वहिनीला हातोडा दिलाय म्हणे. काय उत्तर देऊ?"

"सांगा, दिलाय म्हणून."

"तुझी जीभ काही कमी व्हायची नाही. हे बघ, तुझ्या शरदभाऊंचा निरोप आहे. वर्षश्राद्ध झालं की ते तुला न्यायला येतील. तिथं तुझी भावजय अवघडलेली, घरात दोन पोरं, तुझा हातभार होईल. आणि दादांना मी घेऊन जाईन माझ्याकडे. दोन्ही प्रश्न सुटतात."

प्रश्न! मी आणि मामंजी हे दोन प्रश्न होतो. भावाच्या घरचा हातभार म्हणजे काय ते मी माझ्या आत्याच्या बाबतीत लहानपणी पाहिलं होतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि पाहुणे आले की माजघरात बसायचं. आत्या मेली तेव्हा तिचं खरं नाव घरात कुणाला चटकन आठवेना. मला तिकडं जायचं नव्हतं. आगीतून उठून फुफाट्यात कोण जाईल?

"मामंजींना विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यांना काय विचारायचं? ऐकू येतंय का त्यांना?"

ऐकू येत नव्हतं हे खरं. पण दिसत तर होतं. विमलवन्सं दुपारभर माझ्या ट्रंकेतल्या साड्या मोजून वेगळ्या काढत होत्या आणि मामंजी दारातून ते बघत होते. मी मनात म्हणत होते, आता बोलतील. एवढी दवंडी पिटतात, आता एकदा पिटा. 'राहू दे तिला' एवढे तीन शब्द. मी तुमचे कान झाले, तुमच्यासाठी अंगठा ठेचून घेतला, तीन शब्द जड झाले का? ते उठले, भट्टीत कोळसे टाकले आणि मला म्हणाले, "पट्टी कापलीय!"

त्या दिवशी मी जे कडं केलं, ते रागानं केलं. रागात हात चांगला पडतो असं कुणाला वाटेल. छे! ते चिरलं. एकदम मधोमध. मी आवाज ऐकला होता, चिरका झालेला स्पष्ट ऐकला होता आणि तरी घाव घातला होता. मामंजींनी तुकडे उचलले, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच 'पुन्हा' म्हणाले नाहीत. पाण्याचा तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग मी वर्षश्राद्धापर्यंत दिवसभर ठोकत राहिले. दुसरं करायचं काय होतं? पट्टी मऊ असताना बद्द वाजायची, मग चढायची, चिरकायच्या जरा आधी मी थांबायचे, तापवायचे, विझवायचे. त्यात एक सुख होतं. तेवढा वेळ घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मी एक कडं मठारून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा आतून फिरवला. बाहेरून फिरवला. दारात नेऊन उजेडात गोल गोल फिरवलं. मग डोळे मिटले आणि पुन्हा अंगठा फिरवला. मी टोपलीकडे बघत होते. ते टोपलीकडे गेलेच नाहीत. त्यांनी चिंचेच्या पाण्यात कडं धुतलं, स्वतःच्या पंच्याला पुसलं आणि आत जाऊन कालिकादेवीच्या तसबिरीपुढं ठेवलं.

बस्स. बरं झालंय नाही, वाईट झालंय नाही. येऊन आपल्या जागी बसले आणि भात्याची दोरी धरली.

"चांगलं म्हणायला जीव जात होता का हो?" मी त्यांच्या पाठीला म्हटलं. "उद्या जाणार आहे मी. परत नाही यायची. जाताना तरी एक शब्द बोला." मग मी पदर तोंडात कोंबला आणि आत गेले. भाता चालूच होता.

दुसऱ्या दिवशी शरददादा सकाळच्या गाडीनं आला. श्राद्ध झालं, पिंडाला कावळा लगेच शिवला, भटजी दक्षिणा घेऊन गेले. जेवणं आटोपली. विमलवन्संनी खरकटी काढू दिली नाहीत, म्हणाल्या, तू आवर. आवरण्यासारखं होतं काय? एक ट्रंक. शरददादा ओट्यावर घड्याळ बघत होता. तो वाईट नव्हता हो, शाळेत असताना माझ्यासाठी बोरं आणायचा. पण चारची एसटी गाठायची म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता.

"चल कुंदा, पाया पड त्यांच्या."

मामंजी ऐरणीपाशी बसले होते. श्राद्धाचा दिवस, घरात हातोडा उचलायचा नाही, म्हणून हात मांडीवर ठेवून रिकामेच. मी वाकले. म्हटलं, आता आशीर्वाद तरी मोठ्यानं देतील.

"हात!"

मी डावा हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि उजवा ओढला. पंच्यात गुंडाळलेलं कडं काढलं. माझंच, कालचं. दोन्ही टोकं जराशी उघडी ठेवलेली होती. मला काही कळायच्या आत त्यांनी ते माझ्या मनगटावर चढवलं, माझा हात लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि लाकडाच्या मोगरीनं हलकेच टोकं मिटवायला घेतली.

"दादा!" विमलवन्सं खरकट्या हातांनी धावत आल्या. "अहो दादा, काय करताय? आज माझ्या भावाचं श्राद्ध, आणि तुम्ही तिच्या हातात— विधवेच्या हातात काय घालताय? आळी बघतेय!"

आळी खरंच बघत होती. सगळीकडचे हातोडे एकेक करून थांबले होते. गोपाळमामा दारात येऊन उभे होते, त्यांच्या मागं त्यांचे दोन्ही मुलगे.

मामंजींना यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी विमलवन्संच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, काय म्हणत असेल ते त्यांना समजलं असावं.

"बांगडी नाही ती!" ते म्हणाले. अख्ख्या आळीला ऐकू गेलं. "कारागीर आहे ही! पहिलं कडं उतरलं हिचं! माझ्या बापानं मला घातलं, मी पद्माकरला घातलं, आता हिला घालतोय! कुणाला काय म्हणायचंय?"

मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाले, पण तो काही खाली आला नाही, "आधी बोललो नाही. उतरायच्या आधी कड्याबद्दल बोलायचं नसतं. आणि मी बोललो की सगळ्यांना कळतं."

सुतळी. काडीसारखं मनगट. तुझ्या मापाचं कर. किती महिने मी तेच कडं करत होते आणि मला वाटत होतं, मला खेळायला बसवलंय. मला रडू फुटलं. नेहमीसारखं मोठ्यानंच, पण या वेळी आळीभर ऐकू गेलं.

शरददादा पुढं आला. त्याची पंचाईत झाली होती. "हे सगळं ठीक आहे काका," तो हातवारे करत म्हणाला, "पण कुंदाला मी न्यायला आलोय. सगळं ठरलंय. एकटी बाई इथं कशी राहणार? लोक काय म्हणतील?"

मामंजींनी त्याचे हातवारे संपू दिले. मग म्हणाले, "मला काय सांगतोस? मला ऐकू येत नाही! राहायचं का जायचं, तिला विचार!"

शरददादानं माझ्याकडे बघितलं. विमलवन्संनी बघितलं. वर्षभरात मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. माझ्यासारख्या बाईला! मामंजींच्या हातात मोगरी होती. कड्याची टोकं अजून पुरती मिटली नव्हती, एवढीशी फट उरली होती. ते थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांना भीती वाटतेय.

मी डावा हात पुढं केला. त्यांचं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं.

त्यांनी मान हलवली आणि फट मिटवली.

शरददादा चहा घेऊन चारच्या एसटीनं गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागावला नव्हता. विमलवन्सं चहाला थांबल्या नाहीत. त्या पुढं दोन वर्षं आल्या नाहीत, मग आल्या. समोर गोपाळमामांचा हातोडा सुरू झाला आणि मागून बाकीच्यांचे.

संध्याकाळी मी भाकरी करायला बसले. पीठ मळलं, गोळा घेतला, थापायला लागले, आणि कडं परातीच्या काठावर वाजलं. मी थांबले. पुन्हा थापलं, पुन्हा वाजलं. बांगड्यांसारखं नाही. जड, एकटं वाजत होतं. मामंजी समोर पाटावर बसले होते, ताटाची वाट बघत. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, सांगावं त्यांना. पण कसं सांगणार? आमच्या भाषेत त्याला खूण नव्हती.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि दुसरा गोळा घेतला. तो आवाज घरात मला एकटीलाच येत होता.